ब्याण्णव गुणांची गाय

माझी पहिली नोकरी गाईंकडे बघत बसण्याची होती. थट्टा नाही करत. सरकार मला महिन्याच्या महिन्याला पगार द्यायचं, आणि मी बारा गाईंसमोर स्टुलावर बसून, मांडीवर घड्याळ ठेवून, दर पाच मिनिटांनी लिहायचे : एक नंबर उभी, दोन नंबर बसलेली, तीन नंबर रवंथ करतेय, चार नंबर माझ्याकडे बघतेय. चार नंबर कायम माझ्याकडेच बघायची. बी.एस्सी.ला गणित घेऊन, पोरांच्या नाकावर टिच्चून वर्गात पहिली येऊन मी हे दिवे लावत होते.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी. पेठेतलं भाड्याचं घर सोडून नव्याने वसणाऱ्या राजाजीनगरात आलो होतो. गाईंचं सरकारी संशोधन केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागायचं. तिथल्या आसपासच्या बायका मला ‘हसू नोडो अम्मा’ म्हणायच्या, म्हणजे गाई बघणारी बाई. मला राग यायचा, पण त्यात खोटं काय होतं?

घरी त्याहून गंमत. मला स्थळं बघत होते. पाहुणे विचारायचे, “मुलगी काय करते?” आई म्हणायची, “सरकारी नोकरीत आहे.” “कुठल्या खात्यात?” “संशोधनात.” त्याच्या पुढचा प्रश्न आला की आई उप्पिटाची बशी पुढे करायची. एका मुलाच्या वडिलांनी कुठूनतरी शोधून काढलं आणि हसत म्हणाले, “म्हणजे गुराखीणच की!” मी आतल्या खोलीतून ओरडले, “गुराख्याला गुरं हाकावी लागतात, मला नुसतं बघायचे पैसे मिळतात.” ते स्थळ तिथेच आटोपलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्या आठ दिवसांत घरात फार शांतता लाभली.

आमचे साहेब जनावरांचे डॉक्टर. दोन वर्षं परदेशात राहून आले होते आणि येताना पाईप आणि एक कल्पना घेऊन आले होते. पाईप सारखा विझायचा, कल्पना विझत नव्हती. ते म्हणायचे, गाय दूध किती देते हे सगळे मोजतात, पण तिला बरं वाटतंय का हे कोण मोजतो? ती बोलत नाही म्हणून आपण तिच्या वतीने बोलतो, आणि आपल्याला सोयीचं तेच बोलतो. तेव्हा तिचं वागणं बघा, मोजा, मगच तोंड उघडा. मला माणूस आवडला. बाकीचा स्टाफ पाठीमागे म्हणायचा, साहेबांना उन्हाचा त्रास झालाय.

वर्षभराच्या माझ्या वह्यांतून साहेबांनी एक कार्ड तयार केलं. दहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. लाथ मारते का? हंबरते का? माणूस जवळ आला की दूर सरते का? दिलेलं खाते का? कातडी चकचकीत आहे का? रवंथ करते का? असे. गाईसमोर थोडा वेळ उभं राहायचं, गुण द्यायचे, बेरीज करायची. आणि एक नियम : एखादी गोष्ट त्या वेळात बघायला मिळाली नाही, तर तिला मधले पाच गुण द्यायचे. मी स्वतः टाईप केला तो नियम. मला तो फार हुशारीचा वाटला होता.

आता आमच्या गल्लीकडे येते. गल्लीत बारा मराठी घरं आणि टोकाला एक गोठा. गोठा आमच्या आधीचा. आमची घरं उभी राहिली तिथे पूर्वी त्या गोठेवालीच्या सासऱ्यांची नाचणी पिकायची. जमीन गेली, सासरे गेले, नवराही गेला, आणि बाईजवळ राहिली एक तांबडी गाय, तिचं वासरू आणि बारा घरांचा रतीब. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती आमच्याशी मोडक्या मराठीत बोलायची, आम्ही तिच्याशी मोडक्या कानडीत, आणि दोन्ही बाजूंना वाटायचं की आपण समोरचीवर उपकार करतोय.

अक्का गाय घेऊन दारोदार यायची आणि दारातच दूध काढायची. दुधात पाणी नको म्हणून आमच्या बायकांनीच घातलेली अट ती. गाय तिची, तांब्या आमचा, आणि धारेवर नजर आमची. समोरच्या काकू तर अक्काचे हातसुद्धा कोपरापर्यंत तपासायच्या, बाहीत पाण्याची पिशवी लपवलीय की काय! अक्का मुकाट्याने हात पुढे करायची. मला ते बघून चीड यायची, पण दूध मीही प्यायचेच.

वसुबारस आली. त्या दिवशी बायकांनी सवत्स गाईची पूजा करायची, म्हणजे वासरासकट गाय हवी. स्वतः दूध नि गहू खायचे नाहीत, आणि गाईला उडदाचे वडे, भात, गूळ खाऊ घालायचा. पेठेत होतो तेव्हा गाई पुष्कळ होत्या आणि कुणाची कुठे पूजा झाली याचा पत्ता नसायचा. इथे बारा घरं आणि सवत्स गाय एक! पूजा खरी दिवेलागणीची, पण सगळ्यांचा नंबर लागायला हवा म्हणून दुपारी तीनलाच सुरुवात झाली.

काकूंनी पंधरा वडे घातले. शेजारणीला कळलं, तिने अठरा घातले आणि वर गुळाचा भात. पुढच्या घरी भिजवलेली डाळ. तिसऱ्या दारातच अक्का म्हणाली होती, “साकु अम्मा, स्वल्प साकु.” पुरे, थोडंसंच पुरे. पण सणासुदीला गोमातेला पुरे म्हणणारी ही कोण? आमच्या बायका हसल्या. “अगं, वर्षातून एकदा तर जेवतेय बिचारी,” असं म्हणत त्यांनी परात पुढे सरकवली. अक्काने दावं सैल सोडलं. बारा घरं म्हणजे तिची बाराही गिऱ्हाइकं, ती कुणाला दुखवणार?

आमचं घर शेवटचं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून आले, तेव्हा गाय आमच्याच दारात उभी होती. अंगाला हळद, शिंगांना तेल, गळ्यात झेंडू. सगळ्या गल्लीच्या बायका तिच्यामागोमाग आमच्या अंगणात जमलेल्या. आईची परात सगळ्यांत मोठी. ती परात बघून समोरच्या काकूंचं तोंड उतरलं होतं, आणि ते आईला दिसलं होतं.

माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा बघून काकू म्हणाल्या, “काय गं, आमच्या गोमातेला किती मार्क देशील?” सगळ्या हसल्या. आणि आई, जिने माझी नोकरी दोन वर्षं उप्पिटाखाली लपवली होती ती आई, चक्क म्हणाली, “दे की. शिकलीयस ना? दाखव सगळ्यांना.”

मला काय वाटलं ते सांगते. गुदगुल्या झाल्या. मी पदर खोचला, घड्याळ काढलं आणि साहेबांसारखी मान तिरकी करून गाईसमोर उभी राहिले. लाथ मारते का? नाही, दहा. हंबरते का? नाही, दहा. दूर सरते का? जागची हलत नव्हती, दहा. कातडी? तेल लावलेलं, दहा. दिलेलं खाते का? आईने वडा तिच्या तोंडात घातला. तिने तो गिळला नाही, तसाच धरून उभी राहिली. मी ‘खाते’ लिहिलं. रवंथ?

रवंथ ती करत नव्हती. वर्षभर दर पाच मिनिटांनी गाईच्या जबड्याकडे बघितलेलं माणूस मी, मला ते तेव्हाच दिसलं. डावी कूसही भरलेली दिसली. पण माणसं गोळा झालीत, आरती चाललीय, अशात कुठली गाय रवंथ करेल, असं मी मनाला सांगितलं. बघायला मिळालं नाही म्हणजे पाच गुण, नियमच होता. इकडेतिकडे तीन गुण कापले, नाहीतर कार्ड खोटं वाटलं असतं. बेरीज ब्याण्णव. मी ती मोठ्याने वाचली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईने उरलेले वडे एकेक करून गाईला भरवले.

अंगणात पणत्या लागतात न लागतात तोच अक्का धावत आली. “पुट्टी, लवकर चल.” पुट्टी म्हणजे पोरी. मी तशीच पळाले. गाय गोठ्यात आडवी पडली होती. डावी बाजू फुगून ताणलेली, जीभ बाहेर, श्वास तुटक तुटक. वासरू कोपऱ्यात नुसतं ओरडत होतं. अक्काने तिच्या तोंडात कडुनिंबाची काठी आडवी बांधली होती, शेंगदाण्याचं तेल पाजलं होतं, पण ढेकर निघत नव्हता. जनावरांचा दवाखाना सणासाठी बंद, आमचे साहेब दोन बसच्या अंतरावर. अक्का मला म्हणाली, “तुझ्या ऑफिसात काय करतात?”

ऑफिसात काय करतात ते मी दोनदा बघितलं होतं. कंपाउंडर डाव्या कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खळगीत, नळीची सुई खुपसतो आणि वारा बाहेर काढतो. मी अक्काला सांगितलं. तोवर गल्ली मागे जमलीच होती. “अगं बाई, आज? वसुबारशीला गाईला सुरी लावता?” काकूंनी कानांवर हात ठेवले. आई म्हणाली, “असलं पाप करू नका. देवाचं नाव घ्या, बरी होईल.” मी आईवर ओरडले, “देवाचं नाव घेऊनच तर फुगवलीत तिला!” आयुष्यात पहिल्यांदा मी आईवर चारचौघांत ओरडले.

अक्काने कुणाकडे बघितलं नाही. नारळ सोलायची सुरी चुलीत धरली, गोठ्यामागच्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून घेतला आणि मला विचारलं, “इल्ली?” इथे? मी बोट ठेवलं. चुकीच्या जागी दाखवलं असतं तर गाय माझ्या बोटाने मेली असती. अक्काने तिथेच सुरी घातली आणि भोकात देठ बसवला. वारा सुस्कारत बाहेर आला. काय तो वास! उडीद, हिंग, गूळ, सगळं आंबून गेलेलं. बारा घरांचं पुण्य त्या देठातून बाहेर पडत होतं आणि बायका पदर नाकाला लावून मागे मागे सरकत होत्या. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी गोठ्यातच बसून रडले.

गाय वाचली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी औषधं दिली, टाके घातले. पण दूध आटलं. दारोदार जायचं बंद झालं, आणि अक्काच्या चुलीचं काय चाललंय हे विचारायला कुणी गेलं नाही. उलट गल्लीत सुरू झालं : आमच्या दारात होती तोवर ठणठणीत होती. गोठ्यात नेऊन हिनेच काय कुजकं घातलं देव जाणे. आणि वर सणाला गाईला भोसकलं. अशा हातचं दूध देवाला कसं चालायचं?

पुरावा काय, तर माझं कार्ड! काकू नळावर सगळ्यांना सांगत होत्या, “शिकलेल्या मुलीने मोजून ब्याण्णव मार्क दिलेत. सरकारी कागद आहे.” अंगणात विसरलेलं ते कार्ड कुणीतरी उचलून ठेवलं होतं आणि ते हातोहाती फिरत होतं. ज्यांना माझ्या नोकरीचं हसू येत होतं त्यांना आता विज्ञानाचा पुळका आला होता. लोकांनी दुसऱ्या गवळ्याचं दूध लावायची बोलणी सुरू केली. गाय पुन्हा दूध द्यायला लागली तरी अक्काकडून ते घेणार कोण, असा प्रश्न होता.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी पाईप पेटवायचा तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाले, “कार्ड गाईसाठी होतं, तुम्ही ते देवीला लावलंत. पण नियम माझा होता.” त्यांनी पेन काढून पाच गुणांचा नियम खोडला आणि त्याजागी लिहिलं : दिसेपर्यंत बसून राहा. मी विचारलं, “आणि तिला रवंथ करताना बघायला तास लागला तर?” ते म्हणाले, “तर तास बसा. पगार कशाचा घेता?”

घरी येऊन मी आईला म्हटलं, “ती रवंथ करत नव्हती हे मला दिसलं होतं. मी गप्प राहिले, कारण सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. तू पहिल्यांदाच माझं कौतुक केलं होतंस.” आई भांडी घासत राहिली. मग मी नळावर जाऊन तेच सांगितलं, गुण खोटे आहेत, गाय आपल्या सगळ्यांनी मिळून आजारी पाडली म्हणून. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. “लग्नाचं वय उलटलं की होतं असं,” असं एकीने म्हटलं आणि कळशी उचलली. मी शिव्या गिळल्या, पण सगळ्या नाही.

दोनेक आठवड्यांनी सकाळी अक्का गाय घेऊन गल्लीतून निघाली. गाय वाळली होती, पण थोडं दूध उतरलं होतं. अक्का कुठल्याच दारात थांबली नाही, पलीकडच्या रस्त्यावर नवी गिऱ्हाइकं शोधायला चालली होती. तेवढ्यात आमचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. न्हालेली, सोवळ्यात, हातात देवघरातला अभिषेकाचा तांब्या. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“अक्का, दूध काढ,” ती म्हणाली.

“बेडा अम्मा,” अक्का म्हणाली. “नको. तुमच्यात चालत नाही ना.”

“आज देवाला पहिलं दूध हिचंच.” आई बोलत अक्काशी होती, पण आवाज बाराही घरांसाठी काढला होता. दारांत बायका आल्याच होत्या. “वडे मी घातले. चाळीस. समोरचीपेक्षा जास्त व्हावेत म्हणून मोजून केले होते. तू तिसऱ्या दारात पुरे म्हणालीस, तेही माझ्या कानावर आलं होतं. तरी घातले. तू सुरी लावलीस म्हणून ती आज उभी आहे.” काकू आत निघून गेल्या. बाकीच्या तिथेच राहिल्या.

अक्काने गाय वळवली. आई तांब्या घेऊन पुढे झाली, आणि गाय मागे सरली. आईने प्रेमाने हात पुढे केला, तशी ती दोराला हिसडा देऊन आणखी मागे गेली, अक्काच्या अंगावर. डोळे मोठे झालेले, कान मागे पडलेले. मी दारातून बघत होते. मला कळलं, आणि त्याच क्षणी आईलाही कळलं. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, तिला तिच्या देवानेच दारातून हाकललं होतं.

तिने तांब्या जमिनीवर ठेवला, मागे सरून आमच्या पायरीवर बसली आणि हात मांडीवर घेतले. अक्का लांबूनच धार काढायला बसली. गाईने पान्हा सोडायला बराच वेळ घेतला, आणि माझी आई, जी दूध उतू जाईपर्यंतही कधी थांबली नव्हती, बसून राहिली. शेवटी तांब्यात धार वाजली. शेजारची आपलं पातेलं घेऊन बाहेर आली, तिच्या मागून आणखी एक आली.

आईने माझ्याकडे न बघता विचारलं, “तो तुझा कागद आहे का?”

“आहे.”

“मग लिही,” आई म्हणाली. “ती मला घाबरते.”